तेराशे अंशांच्या पलीकडे

पहिला दगड मांद्रेकरसाहेबांच्या कानशिलावर बसला तेव्हा ते ‘अपघात-सहनशील इंधन’ हे शब्द उच्चारत होते. ‘सह’पर्यंत आले आणि टेबलावर कोसळले. त्यांचं कपाळ माईकवर आपटल्याचा आवाज कर्ण्यांतून साऱ्या शेडभर घुमला. मग दुसरा दगड आला, आणि त्यापुढचे कुणी मोजले नाहीत.

आंबेवेळ बंदरातली ती मासळीच्या लिलावाची शेड. त्या दिवशी लिलाव बंद ठेवून तिथं जनसुनावणी भरवली होती. गावावरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, अणुवीज केंद्र होतं. त्यात नव्या प्रकारचं इंधन वापरायचा परवाना हवा होता. ते इंधन तयार करणाऱ्या संशोधन केंद्रातून आम्ही दोघं लोकांना समजावून सांगायला आलो होतो. रघुवीर मांद्रेकर आमच्या विभागाचे प्रमुख, विद्वान आणि शिस्तीचे, आपल्या शब्दाबाहेर कुणी गेलेलं त्यांना खपत नसे. मी इंदुमती हळबे, धातुशास्त्रातली, त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

आठवडाभर आधी पोलिसांनी किनाऱ्यावर बसलेल्या बायकांना लाठ्यांनी झोडपलं होतं, हे आम्हाला गाडीतून उतरल्यावर कळलं. एका बाईचा हात मोडला होता आणि तिलाच उचलून नेलं होतं. मी साहेबांना म्हटलं, “आज नको. परत जाऊ.” ते म्हणाले, “आपण पोलीस नाही, हळबे. आपण शास्त्र सांगायला आलोय.”

शास्त्र सांगायला त्यांना पाच मिनिटंही मिळाली नाहीत.

मी त्यांना खुर्चीमागे ओढलं. शेडच्या तोंडाशी पोलीस लाठ्या घेऊन आत घुसले आणि समोर जो आला त्याला मारत सुटले. एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर लाठी बसली आणि तो उभ्या जागी बसल्यासारखा खाली गेला. मासळीच्या टोपल्या उलथल्या. ओल्या फरशीवरून माणसं घसरत होती, पडलेल्यांवर दुसरी पडत होती. एका हवालदाराला तिघांनी कोपऱ्यात गाठलं. त्यातल्या एकाच्या हातात वल्हं होतं. वल्ह्याचं पातं त्याच्या गुडघ्यावर आडवं आदळलं, आणि हाड मोडल्याचा जो आवाज आला तो मी प्रयोगशाळेत धातूच्या पट्ट्या मोडताना शेकडो वेळा ऐकला होता. माणसाच्या पायातून तो येईल असं कधी मनात आलं नव्हतं. बाहेर पोलिसांची जीप पेटली.

तेवढ्यात कुणीतरी मागून माझं मनगट धरलं. पकड अशी की बोटं बधिर झाली.

“चला,” तो म्हणाला. “ह्याला पण उचला.”

पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. उन्हानं रापलेला, डोळे लाल. सुनावणी सुरू व्हायच्या आधी गावातर्फे तोच बोलला होता, म्हणून मला नाव ठाऊक होतं. भिकाजी तांडेल. त्यानं साहेबांना एका हातानं बगलेत धरलं, दुसऱ्या हातानं मला ओढत शेडच्या मागच्या दारानं बाहेर काढलं. वाटेत एकानं साहेबांवर काठी उगारली. भिकाजीनं ती मधल्यामध्ये पकडून हिसकावली आणि त्याच काठीनं त्याला पोटात ढोसलं. तो वाकला तसे आम्ही पुढे गेलो.

धक्क्याला लागून बर्फाचा कारखाना होता. बोटींना बर्फ तिथूनच जायचा. भिकाजीनं आम्हाला आत ढकललं, लोखंडी शटर खाली ओढलं आणि आतून कुलूप घातलं.

आत गार होतं आणि नाकाला झोंबणारा वास होता. बर्फाच्या लाद्या भिंतीला रचून ठेवल्या होत्या. कारखान्याचा यंत्रचालक मुस्तफा होडेकर लाद्यांआडून बाहेर आला. बुटका, टक्कल पडलेला, खांद्यावर टॉवेल. साहेबांच्या मानेवरून ओघळणारं रक्त बघून तो म्हणाला, “भिकाजी, ह्ये काय आणलंस?”

“बसव त्यांना,” भिकाजी म्हणाला.

मी टॉवेलात बर्फाचा तुकडा गुंडाळून साहेबांच्या कानाला लावला. कान फाटला होता. भिकाजीला म्हटलं, “तुम्ही आम्हाला वाचवलंत.”

“तसं समजू नका.” तो शटरला पाठ लावून उभा राहिला. “माझी बायको पोलिसांच्या ताब्यात हाय. हात मोडून नेली तिला. डॉक्टरकडं तरी नेली का नाय, कुणी सांगत नाय. आनंदी सुटली की तुमी सुटाल.”

“म्हणजे आम्ही ओलीस आहोत,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता, पण ताठपणा तसाच होता. “मी गुंडांशी बोलत नसतो.”

भिकाजीनं दोन पावलांत अंतर कापलं आणि त्यांच्या तोंडावर मूठ मारली. साहेबांचा ओठ फुटला. ते ओरडले नाहीत. जिभेनं दात चाचपून पाहिला आणि रक्त बाजूला थुंकले. मी मध्ये पडले तर भिकाजीनं मला नुसत्या कोपरानं बाजूला सारलं, मी लाद्यांवर जाऊन आपटले.

“बस झालं,” होडेकर म्हणाला. “माझ्या जागेत मारामारी नको.”

भिकाजी थांबला. त्याची छाती वरखाली होत होती. त्यानं मोबाइलवरून कुणाला तरी निरोप दिला, की दोघं साहेबलोक माझ्याकडं आहेत, आनंदीला आणा. मग तो जमिनीवर बसला. बराच वेळ बाहेरचा गोंगाटच ऐकू येत होता, बाटल्या फुटल्याचे, अश्रुधुराच्या नळकांड्यांचे आवाज.

“काय सांगणार होता तुमी?” त्यानं एकदम मला विचारलं. “मघाशी. ह्यांना बोलू दिलं नाय लोकांनी. तुमी सांगा.”

मी सांगितलं. इंधनाच्या गोळ्या बोटाएवढ्या जाड, लांबच लांब नळीत भरलेल्या असतात. नळीभोवती पाणी खेळतं. पाणी गेलं तर नळी तापत जाते. फार तापली की वाफ तिचा धातू खायला लागते, त्यातून आणखी उष्णता होते, शिवाय हायड्रोजन. हायड्रोजन साचला की स्फोट. नव्या नळीवर क्रोमियमचा पातळ मुलामा आहे. तो वाफेला धातूपर्यंत पोचू देत नाही. त्यामुळे पाणी परत आणायला माणसांना जास्त वेळ मिळतो.

“किती?”

“काही तास.”

“आन मग?”

मी साहेबांकडे पाहिलं. तेच उत्तर देणार हे मला माहीत होतं.

“ती वेळ येतच नाही,” साहेब म्हणाले. “तेवढ्या वेळात तीन वेगवेगळे पंप सुरू करता येतात.”

“मी ह्या बाईंना विचारलं.”

“तेराशे अंशांच्या वर गेलं,” मी म्हटलं, “की मुलामा आणि नळीचा धातू एकमेकांत वितळायला लागतात. त्यापुढे नळी हळूहळू खराब होते की एकदम जाते, ते नीट माहीत नाही.”

“बघितलं नाय कुणी?”

“चार छोट्या तुकड्यांवर बघितलंय. नळ्यांच्या पूर्ण जुडग्यावर नाही. त्या चाचणीचा नंबर शेवटी आहे.”

तो नंबर हाच आमच्यात वर्षभर वाद होता. परवान्यासाठी काय काय तपासायचं याची यादी भली मोठी होती, आणि तेवढ्या तापमानाची, वाफेत चालणारी भट्टी एकच. एक चाचणी लावली की ती महिनोन्‌महिने अडकून पडायची. म्हणून आम्हा सहा जणांचा गट नेमला होता. प्रत्येक गोष्टीला दोन गुण द्यायचे, एक तिच्या महत्त्वाला आणि एक तिच्याबद्दल आपल्याला किती ठाऊक आहे त्याला. महत्त्व मोठं आणि माहिती थोडी, ते आधी करायचं. तेराशेच्या पुढच्या चाचणीबाबत माहिती थोडी आहे, याबद्दल दुमत नव्हतं. भांडण महत्त्वावर होतं. तिघांनी ते वरचं धरलं, त्यात मी होते. साहेबांसह तिघांनी खालचं. बरोबरी झाली की निर्णय अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष मांद्रेकर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जे होण्याची शक्यता जवळजवळ नाही, त्यावर भट्टी अडवली तर रोज जे होणार आहे ते तपासायचं राहून जाईल. ते काही मूर्खपणाचं म्हणणं नव्हतं.

भिकाजीला मी हे सगळं सांगितलं नाही. त्यानंही पुढे विचारलं नाही. कारण बाहेरचा आवाज बदलला होता.

शटरवर दणका बसला. मग दुसरा. कुणीतरी ओरडत होतं, “तांडेल, त्यांना बाहेर काढ.” भिकाजी उठला आणि आतून म्हणाला, “आनंदी आल्याशिवाय नाय.” बाहेरचे लोक त्याचेच होते, पण आता ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. गोळीबारात बंदरावरचा एक माणूस मेल्याची आवई उठली होती. ती खोटी होती हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या क्षणी ती खरीच होती.

“मागून जा,” असं कुणीतरी म्हटलेलं आम्ही ऐकलं.

कारखान्याच्या मागे यंत्रखोली होती. पाणी गोठवायचा अमोनिया तिथल्या आडव्या लोखंडी टाकीत साठवलेला असायचा. त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला लागून जुनी जाळी, प्लास्टिकचे क्रेट आणि थर्माकोलच्या पेट्या रचल्या होत्या. आम्हाला धुरानं बाहेर काढायचं म्हणून कुणीतरी त्या ढिगाला काडी लावली. नायलॉनची जाळी पेटली की विझत नाही. भिंतीत वारा खेळायला मोठा झरोका होता. त्यातून पेटती जाळी आत लोंबली आणि आग यंत्रखोलीत आली.

होडेकर धावला. त्याच्या मागे मी गेले. तो बादलीनं पाणी मारू लागला, पण वितळलेलं नायलॉन थेंबाथेंबानं टाकीच्या पाठीवर पडून जळत होतं.

“टाकीला काय होत नाय,” तो खोकत म्हणाला. “ह्या टाकीला मी आल्यापासून बघतोय. काटा बघा, लाल रेघेच्या पुष्कळ खाली हाय. दाब वाढला तर वरची झडप आपोआप उघडते.”

मी काटा बघितला. तो खरंच खाली होता. मग मी टाकीच्या बाजूची काचेची नळी बघितली. अमोनिया टाकीत निम्म्याच्याही खाली होता. खालच्या भागाला आतून गार द्रव लागत होता. जळतं नायलॉन पडत होतं ते वरच्या, आतून कोरड्या असलेल्या पत्र्यावर. तिथं रंगाचे फोड उठून गळून पडले होते आणि पत्रा काळपट निळा दिसत होता.

काटा दाब सांगतो. पत्रा किती मऊ झालाय ते काटा सांगत नाही.

“होडेकर, बाहेर चला,” मी म्हटलं.

“बाहेर लोक मारतील.”

“इथं थांबलो तर ही फुटेल.”

“काटा बघा ना, बाई.”

मी त्याचा हात धरून ओढायला लागले. तो हलेना. पुढे दार होतं आणि दाराबाहेर काठ्या, हे त्याला दिसत होतं. टाकीचं काय होणार ते दिसत नव्हतं. मी पळत पुढच्या भागात आले.

“तांडेल, शटर उघडा. अमोनियाची टाकी फुटणार आहे.”

भिकाजीनं माझ्याकडे रोखून बघितलं. मी पळायची युक्ती करतेय का, हे तो बघत होता, आणि तसं बघणं स्वाभाविकच होतं.

“किती वेळ हाय?”

“माहीत नाही. आत्ता फुटेल, नाहीतर थोड्या वेळानं. खरंच माहीत नाही.”

मला अजूनही वाटतं, मी एखादा आकडा सांगितला असता तर त्यानं विश्वास ठेवला नसता. तो वळला आणि त्यानं कुलूप काढलं.

त्याच वेळी छपरावर कानठळ्या बसवणारी शीळ सुरू झाली. झडप उघडली होती. पांढरी वाफ छपरावरून खाली उतरायला लागली. बाहेरच्या लोकांच्या नाकातोंडात ती गेली आणि शटरसमोरची गर्दी खोकत मागे सरली.

यंत्रखोलीच्या दारात होडेकर उभा होता. चेहरा काजळीनं माखलेला, पण त्यावर सुटकेचं हसू होतं. “झडप उघडली,” तो मोठ्यानं म्हणाला. “आता भीती नाय. आता दाब उतरेल.” आणि आग विझवायला परत आत गेला.

साहेबांना उभं राहता येत नव्हतं. भिकाजीनं त्यांना पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि मला पुढे ढकललं. मी पदर पाण्यात बुडवून तोंडावर धरला. आम्ही शटरखालून वाकून बाहेर पडलो. समोरून एकानं माझ्यावर काठी चालवली, ती खांद्यावर बसली आणि हात लुळा पडला. मागून भिकाजी ओरडत होता, “पळा, धक्क्याकडं पळा, टाकी फुटतेय.” त्याचा आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा होता. समुद्रात वादळ दिसलं की हाच आवाज बोटींना माघारी बोलवायचा. काठ्या टाकून माणसं पळाली. पोलीसही पळाले.

धक्क्याच्या टोकाशी त्यानं साहेबांना खाली ठेवलं. मागे वळून बघितलं.

“मुस्तफा नाय आला.”

“जाऊ नका,” मी म्हटलं.

“झडप तर उघडलीय म्हणाला तो.”

“जाऊ नका.”

तो गेला. शटरपर्यंत पोचला असेल नसेल, शीळ चालूच होती, आणि कारखाना फुटला. आवाजाच्या आधी मला छप्पर वर उचललेलं दिसलं. पत्रे पानांसारखे उडाले. टाकीचा अर्धा भाग भिंत फोडून बाहेर आला आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीला मधोमध कापून गेला. मागोमाग पांढरा लोट जमिनीवरून सरपटत आला. त्यात जो सापडला त्याचे डोळे आणि घसा जळाला. माणसं धक्क्यावरून खाडीत उड्या टाकत होती. मी साहेबांना घेऊन पाण्यात पडले. लुळ्या हातानं त्यांना धरून ठेवलं आणि डोकं बुडवत राहिले. मघाशी ज्याच्या हातात वल्हं होतं तो आमच्या शेजारीच पाण्यात होता. त्यानं साहेबांची मान पाण्याबाहेर धरली. मी ओळखलं होतं त्याला. तोही मला ओळखून होता.

होडेकर सापडला तो ओळखू येण्यासारखा नव्हता. त्याच्यासोबत यंत्रखोलीमागचे आणखी दोघं गेले, आग लावणाऱ्यांतलेच. भिकाजी जिवंत होता. लोक त्याला उचलत होते तेव्हा तो दोन्ही हातांनी डोळे चोळत होता आणि ते हात कुणाला धरता येत नव्हते.

*

गटाची बैठक महिनाभर पुढे गेली. माझा हात गळ्यात होता. साहेबांना एका कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले. आंबेवेळचा विषय कुणी काढला नाही. सुरुवातीलाच साहेब म्हणाले होते, “इथं आपण इंधनाबद्दल बोलायचंय. गावच्या बर्फाच्या कारखान्यावरून अणुइंधनाचे निष्कर्ष काढायचे नसतात.” हेही बरोबरच होतं.

शेवटी तेराशेच्या पुढच्या चाचणीचा विषय आला. पुन्हा तिघं एका बाजूला, तिघं दुसऱ्या. कुणी बाजू बदलली नव्हती. साहेबांनी पेन्सिल उचलली. मग ती खाली ठेवून माझ्याकडे वळले.

“हळबे, त्या दिवशी मी अर्धवट शुद्धीत होतो. त्या यंत्रवाल्याचं शेवटचं बोलणं मला ऐकू आलं, पण शब्द कळले नाहीत. काय म्हणाला तो?”

“झडप उघडली, आता भीती नाही, असं म्हणाला.”

“आणि परत आत गेला.”

“हो.”

“म्हणजे झडप उघडली नसती, तर कदाचित बाहेर आला असता.”

मला त्याच वेळी कळलं की साहेब टाकीबद्दल बोलतच नव्हते. क्रोमियमचा मुलामा आपलं काम चोख करणार, तास मिळवून देणार. त्या तासांवर विसंबून सड्यावरच्या नियंत्रण कक्षात माणसं बसून राहणार. आणि ते तास कसे संपतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसणार. वर्षभर मी तापमान, वेग, धातूची रचना यांच्या भाषेत भांडत होते. खरा मुद्दा मलाही तोपर्यंत मांडता आला नव्हता.

साहेबांनी महत्त्वाच्या रकान्यात सगळ्यात वरचा गुण लिहिला. म्हणाले, “भट्टी आधी याच चाचणीला द्या. परवाना लांबला तर त्याचं उत्तर मी देईन.”

परवाना लांबला आणि उत्तर त्यांना द्यावं लागलं. वरून पत्रं आली, बोलणी खावी लागली, निवृत्तीनंतर मिळणारं सल्लागारपद हुकलं. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

चाचणीच्या दिवशी जाड काचेमागे आम्ही दोघं उभे होतो. नळ्यांचं जुडगं लाल झालं, पिवळं झालं. तेराशेपर्यंत मुलाम्यानं इतकं छान काम केलं की मागे कुणीतरी टाळी वाजवली. त्यानंतरही थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मुलामा मेणासारखा ओघळला, आणि वाफेनं उघड्या धातूवर अशी झेप घेतली की तापमानाची रेघ उभीच्या उभी वर गेली. पाणी सोडलं तेव्हा नळ्या आतल्या आत फुटून चुरा झाल्या. तो तडातड आवाज काचेपलीकडून आला तसे साहेबांनी दोन्ही हात कानांवर नेले. ऐकू न येणाऱ्या कानावरसुद्धा.

ते इंधन वाईट नव्हतं. जुन्यापेक्षा चांगलंच होतं. पण परवान्यातली मर्यादा पुष्कळ खाली आणली गेली, आणि केंद्रातल्या माणसांसाठीच्या सूचना नव्यानं लिहिल्या गेल्या. मिळालेल्या तासांतले पहिले थोडेच आपले धरायचे, शेवटचे धरायचेच नाहीत, असं त्यात स्पष्ट शब्दांत आलं. त्या वाक्याचा मसुदा साहेबांचा.

खटल्यात आमच्या दोघांच्या साक्षी झाल्या. भिकाजीच्या वकिलाला वाटत होतं की आम्ही मारहाणीबद्दल गप्प राहावं. सरकारी वकिलाला वाटत होतं की पुढचं सांगू नये. साहेब कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “ह्या माणसानं मला कोंडलं. तोंडावर मारलं. माझा दात पडला. ह्याच माणसानं मला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. मी शुद्धीत होतो तेवढ्यात एवढंच झालं.” मीही तेच सांगितलं. भिकाजीला शिक्षा झाली, पण कमी. त्याची दृष्टी परत आली नाही.

इंधन भरायचं ठरलं त्या सकाळी आमची गाडी केंद्राच्या फाटकाशी अडली. आंबेवेळचे लोक रस्त्यावर बसले होते. सगळ्यांत पुढे शिक्षा भोगून सुटलेला भिकाजी होता, काळा चष्मा लावून, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. आनंदीचा एक हात कोपरात वाकडाच राहिला होता. घोषणा चालू होत्या आणि त्यात त्याचा आवाज वेगळा कळत होता.

मी गाडीतून उतरले. पोलीस अधिकारी “मॅडम, नको” म्हणत मागे आला, त्याला थांबवलं. मी भिकाजीसमोर गेले तेव्हा आनंदीनं त्याच्या कानात काही सांगितलं. तो गप्प झाला. त्याच्यामुळे मागचेही गप्प झाले.

“हळबेबाई?”

“हो.”

“ते साहेब?”

“गेल्या वर्षी वारले.”

त्यानं मान हलवली. “ती तुमची चाचणी झाली म्हणे. पेपरात आलेलं, हिनं वाचून दाखवलं. तुमी बरोबर केलंत.” मग थोडं थांबून म्हणाला, “तरी आमाला हे इथं नको. ते सांगायला मी रोज येणार.”

“या,” मी म्हटलं.

“आत आता तुमीच असणार का?”

“पहिले काही दिवस, हो.”

“मग जावा. डोळ्यांत तेल घालून काम करा.” त्यानं हात मागे करून लोकांना खूण केली. गाडी जाण्याइतकी वाट मोकळी झाली. मी फाटकातून आत शिरले तशी माझ्यामागे घोषणा पुन्हा सुरू झाली. सुरुवात त्यानंच केली होती.